माणसांची संख्या, स्थलांतर आणि पर्यावरण संस्था : एका वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

लोकसंख्यावाढ आणि स्थलांतर या दोन विषयांवर पर्यावरण संस्थांनी भूमिका घ्यावी की नाही, हा वाद पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. जंगल, पाणी, जमीन आणि हवा यांच्यावरचा ताण माणसांमुळेच येतो. मग माणसांच्या संख्येचा विषय टाळून यांचे रक्षण कसे करायचे, असे एक बाजू विचारते. माणसे किती आहेत यापेक्षा ती काय आणि किती वापरतात, यावर ताण ठरतो. संख्येकडे बोट दाखवले की दोष गरिबांच्या आणि बाहेरून आलेल्यांच्या माथी जातो, असे दुसरी बाजू सांगते.

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला जन्मांचा : एखाद्या देशात किंवा प्रदेशात किती मुले जन्माला येतात आणि त्याबाबत धोरण असावे का. दुसरा माणसांच्या ये-जाचा : कोण कुठून कुठे जाऊन राहतो आणि त्यावर मर्यादा असावी का. युरोप-अमेरिकेत जन्मदर उतरल्यावर लोकसंख्येची वाढ मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांमुळे होऊ लागली, म्हणून तिथे हे दोन्ही भाग एकमेकांत मिसळले. महाराष्ट्रही आता त्याच वळणावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्याचा जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी अपत्ये, १.७ इतका नोंदला गेला. लोकसंख्या दीर्घकाळात स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. तरीही पुणे, ठाणे, पनवेल वाढतच आहेत. ही वाढ बऱ्याच अंशी इतर जिल्ह्यांतून आणि इतर राज्यांतून येणाऱ्यांची आहे.

या ये-जाचे दुसरे टोक मराठवाड्यात आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, पैनगंगेच्या काठावरचा हिमायतनगर तालुका हा माणसे पाठवणाऱ्या प्रदेशांपैकी एक. जुने नाव वाढोणा असलेले हे गाव मुदखेड–किनवट–आदिलाबाद लोहमार्गावर आहे. इथून एक वाट नांदेडमार्गे मुंबई-पुण्याकडे जाते, तर दुसरी तेलंगणाकडे. मुंबईतली पर्यावरण संस्था ज्याला ‘लोंढा’ म्हणून पाहते, तो इथल्या घरातला कर्ता माणूस असतो. म्हणून या वादाचा आढावा घेताना दोन्ही टोके डोळ्यांसमोर ठेवावी लागतात.

जगातील पार्श्वभूमी

लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, हे माल्थसचे प्रतिपादन १७९८ चे. पर्यावरण चळवळीत ते नव्याने आले ते १९६८ मध्ये. त्या वर्षी पॉल अर्लिक यांचे ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे पुस्तक सिएरा क्लब या अमेरिकन निसर्गसंस्थेच्या पुढाकाराने निघाले. पुस्तकाच्या सुरुवातीला दिल्लीतल्या गर्दीचे वर्णन आहे, हे इथल्या वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे. त्याच वर्षी गॅरेट हार्डिन यांचा सामाईक साधनांच्या ऱ्हासावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९७४ मध्ये हार्डिन यांनी श्रीमंत देशांची तुलना भरलेल्या जीवरक्षक नावेशी केली आणि नावेत आणखी माणसे घेऊ नयेत, असा निष्कर्ष काढला.

अर्लिक आणि जॉन होल्ड्रन यांचा याच काळात बॅरी कॉमनर यांच्याशी वाद झाला. त्यातून एक सूत्र रूढ झाले : पर्यावरणावरचा परिणाम म्हणजे लोकसंख्या, दरडोई उपभोग आणि तंत्रज्ञान यांचा गुणाकार. कॉमनर यांच्या मते युद्धोत्तर प्रदूषणाचे मुख्य कारण सदोष तंत्रज्ञान होते. अर्लिक लोकसंख्येवर भर देत होते. सूत्र दोघांनाही मान्य होण्यासारखे होते, कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे यावर मात्र एकमत झाले नाही. ते आजही झालेले नाही.

संस्थांनी भूमिका घ्यावी का, या प्रश्नाची सर्वांत गाजलेली कसोटी सिएरा क्लबमध्येच लागली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मर्यादेची आधीची भूमिका सोडून १९९६ मध्ये स्थलांतरावर तटस्थ राहण्याचे ठरवले. हे न पटलेल्या सदस्यांनी १९९८ मध्ये विषय सर्व सभासदांच्या मतदानाला नेला; सुमारे ६० टक्के मते तटस्थतेच्या बाजूने पडली. २००४ मध्ये स्थलांतरावर मर्यादा मागणारे उमेदवार संचालक मंडळाच्या निवडणुकीत उतरले आणि पराभूत झाले. २०१३ मध्ये संस्थेने कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग खुला करावा, अशी भूमिका घेतली. एकाच संस्थेने मर्यादेपासून तटस्थतेपर्यंत आणि तिथून पाठिंब्यापर्यंत असा प्रवास केला.

स्वित्झर्लंडमध्ये हाच प्रश्न संपूर्ण देशापुढे आला. ‘इकोपॉप’ या संघटनेच्या प्रस्तावात दोन मागण्या होत्या : निव्वळ स्थलांतराने होणारी वाढ वर्षाला लोकसंख्येच्या ०.२ टक्क्यांपर्यंत रोखावी आणि परदेशांना दिल्या जाणाऱ्या विकास मदतीचा दहावा हिस्सा कुटुंबनियोजनासाठी राखावा. ३० नोव्हेंबर २०१४ च्या सार्वमतात सुमारे ७४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. तिथल्या ग्रीन पक्षानेही प्रस्तावाला विरोध केला होता. ब्रिटनमध्ये मात्र ‘पॉप्युलेशन मॅटर्स’ ही संस्था लोकसंख्येचा विषय उघडपणे मांडत राहिली आणि डेव्हिड अ‍ॅटनबरो तिचे आश्रयदाते झाले.

महाराष्ट्रातील लोकसंख्या विचार

महाराष्ट्रात संततिनियमनाचा विचार पर्यावरण चळवळीच्या कितीतरी आधी सुरू झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. या दोन्ही प्रयत्नांमागे स्त्रीचे आरोग्य, तिची इच्छा आणि गरिबी हे मुद्दे होते. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटना उभी राहिली आणि १९५२ मध्ये सरकारी पातळीवर राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा पहिला देश ठरला.

१९७० च्या दशकात या विषयाला सक्तीचे वळण लागले. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. तरी त्या काळाची धास्ती खेड्यापाड्यांत दीर्घकाळ टिकली आणि ‘लोकसंख्या नियंत्रण’ या शब्दप्रयोगालाही ती चिकटली. पर्यावरण संस्था हा शब्दप्रयोग वापरायला कचरतात, त्यामागे हा इतिहास आहे.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताची भूमिका वेगळी होती. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधी यांनी गरिबीचा प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेत आणला. १९७४ च्या बुखारेस्ट लोकसंख्या परिषदेत भारताचे प्रतिनिधी करण सिंह यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असल्याचे मांडले. १९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेनंतर उद्दिष्टांच्या आकड्यांपेक्षा स्त्रीचे आरोग्य आणि हक्क यांना केंद्रस्थान मिळाले.

महाराष्ट्राने तरीही काही बंधने ठेवली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाची अट शासकीय नोकरीलाही लागू केली. हरियाणातील अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवले. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ही अट काढून टाकली. घटता जन्मदर हेच तिथे कारण होते.

गावाच्या पातळीवर घेतलेली भूमिका

पर्यावरण संस्थांनी लोकसंख्येवर भूमिका घेतलीच नाही, असे महाराष्ट्राबद्दल म्हणता येत नाही. राळेगणसिद्धीच्या अनुभवातून १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आली. तिच्या पंचसूत्रीत श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नशाबंदी यांच्या जोडीला नसबंदी, म्हणजेच कुटुंबनियोजन, हे सूत्र आहे. झाड तोडायचे नाही, जनावर मोकाट सोडायचे नाही आणि कुटुंब लहान ठेवायचे, या तिन्ही गोष्टी एकाच ग्रामसभेत एकाच शपथेने स्वीकारल्या जातात. पाणलोट विकासाच्या कामात लोकसंख्येचे सूत्र इतक्या सरळपणे गुंफल्याची उदाहरणे थोडी आहेत.

नगर तालुक्यातील हिवरेबाजारने याच्या पुढे पाऊल टाकले. पाणलोटाची कामे झाल्यावर मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली. त्याचबरोबर गावाची जमीन बाहेरच्यांना विकायची नाही, असाही नियम गावाने केला. गावाने स्वतःच्या संसाधनांची मोजदाद करून आत कोण येणार हे ठरवणे, असा याचा अर्थ होतो. समर्थकांच्या मते जमीन-पाणी राखण्याची ही गावाची स्वायत्तता आहे. हाच नियम हजारो गावांनी किंवा एखाद्या राज्याने केला तर भूमिहीनाने कुठे जायचे, असा प्रश्न टीकाकार उपस्थित करतात.

याहून वेगळे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावच्या पाणी पंचायतीने दिले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या या प्रयोगात पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवरून ठरत नसे. तो कुटुंबातील माणसांवरून ठरे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत, आणि भूमिहीनालाही वाटा, असा नियम होता. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक वर्ज्य होते. इथे माणसांची संख्या हा वाटपाचा पाया झाला आणि मर्यादा वापरावर आली.

शहराच्या पातळीवरचा संघर्ष

मुंबईत हा वाद न्यायालयातून गेला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. याचिकाकर्त्यांत दुष्काळामुळे तामिळनाडूतल्या सेलमहून आलेला भूमिहीन मजूर होता. माणसे शहरात का येतात, याची चर्चा त्या निकालाने विस्ताराने केली.

पर्यावरण संस्था आणि स्थलांतरित थेट समोरासमोर आले ते बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलाच्या कडेने आणि आतही हजारो झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने १९९५ मध्ये याचिका केली आणि मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या आधीपासूनच्या रहिवाशांना उद्यानाबाहेर पर्यायी जागा द्यायची होती. निवारा हक्क सुरक्षा समितीने आधी पाडापाडीला विरोध केला आणि पुढे चांदिवलीला संघर्षनगर उभे करण्यात भाग घेतला. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली पाड्यांनाही अतिक्रमणाच्या व्याख्येत धरले गेले, यावर स्वतंत्र वाद झाला.

याचिकाकर्त्या संस्थेने स्थलांतराबद्दल कोणतेही धोरण मांडले नव्हते. तिचा विषय राखीव जंगलाचा कायदा हा होता. जंगल वाचले नाही तर बिबट्याप्रमाणेच तुळशी-विहार तलावांतून पाणी पिणाऱ्या शहराचेही नुकसान होईल, हा तिचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून होता. तरी परिणाम भोगावा लागला तो मुख्यतः स्थलांतरितांना. याच शहरात २००४-०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा नर्मदा बचाव आंदोलनातून पुढे आलेल्या मेधा पाटकर झोपडीवासीयांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि ‘घर बचाओ, घर बनाओ’ आंदोलन सुरू झाले. स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणारे लोक एकाच शहरात दोन बाजूंना उभे होते. समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी शहरी मध्यमवर्गाच्या अशा चळवळींना ‘बूर्झ्वा पर्यावरणवाद’ म्हटले. हे वर्णन त्या संस्थांना मान्य नाही.

परप्रांतीयांचा प्रश्न महाराष्ट्रात राजकीय पक्षांनी लावून धरला. १९६६ मध्ये शिवसेना आणि २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली. त्यांचे मुद्दे नोकरी, भाषा आणि अस्मिता हे राहिले. प्रमुख पर्यावरण संस्था या वादापासून लांब राहिल्या.

किनवट–आदिलाबाद : जंगलातील स्थलांतर

हिमायतनगरच्या पूर्वेला किनवटचे सागवानी जंगल सुरू होते आणि पुढे आदिलाबादमध्ये मिसळते. १९५६ पूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आदिलाबादेत १९४० मध्ये कुमराम भीम यांचा उठाव झाला. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले आणि गोंडांना जमिनीचे पट्टे दिले. काही दशकांनी हायमेनडॉर्फ परत आले तेव्हा यातली बरीच जमीन महाराष्ट्रातून आलेल्या शेतकऱ्यांच्या हाती गेल्याचे त्यांना दिसले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी हे नोंदवले.

यात कायद्याचाही भाग होता. १९७६ च्या दुरुस्तीने आंध्र प्रदेशात लंबाडा समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. हाच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत राहिला. सीमा ओलांडली की जमिनीचा आणि आरक्षणाचा हक्क बदलत असल्याने नांदेड-यवतमाळकडून पलीकडे जाणाऱ्यांची संख्या वाढली. गोंड-कोलाम आणि लंबाडा यांच्यातील तणाव २०१७ मध्ये उघड संघर्षापर्यंत पोहोचला.

दोन्ही बाजूंचे लोक गरीब आणि जमिनीवर जगणारे असले, तर पर्यावरण संस्थेने कोणाच्या बाजूने उभे राहावे, असा पेच या उदाहरणातून समोर येतो. मूळ आदिवासींच्या हक्काला प्राधान्य दिले तर आलेल्यांच्या दोन पिढ्यांचे काय, याचे उत्तर द्यावे लागते. दोघांनाही समान मानले तर गोंडांनी गमावलेल्या जमिनीबद्दल मौन पाळल्यासारखे होते. संविधानाने देशात कुठेही जाऊन राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. अनुच्छेद १९(५) मात्र अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालू देतो. पाश्चात्त्य वादात परदेशी नागरिकांना प्रवेश द्यावा की नाही हा मुद्दा असतो. भारतातील बहुतेक स्थलांतर आपल्याच नागरिकांचे असल्याने इथे प्रश्न हक्कांच्या परस्परसंघर्षाचा होतो.

पाठवणाऱ्या प्रदेशाची बाजू

मराठवाड्यातून माणसे बाहेर पडण्याचे सर्वांत मोठे संघटित रूप ऊसतोडीचे आहे. गाळप हंगामाच्या आधी मुकादम घरी येऊन उचल देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल या कोयत्यावर ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, लातूर, नांदेडकडून टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाच्या कारखान्यांच्या फडात पालावर राहतात. उचल फिटेपर्यंत, साधारण पाच-सहा महिने, परत येता येत नाही. लहान मुले बरोबर असतात, म्हणून साखरशाळांचा प्रयोग करावा लागला. एक दिवस खाडा झाला तर दंड लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये समोर आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. स्थलांतर, पाणी आणि स्त्रीचे शरीर हे तीन विषय या ठिकाणी वेगळे करता येत नाहीत.

किनवट, माहूर, हिमायतनगरकडे बीड-लातूरपेक्षा पाऊस जास्त पडतो, पण कापूस आणि सोयाबीन बहुतांश कोरडवाहू आहे. एक पीक निघाले की हाताला काम राहत नाही. मग वीटभट्टी, बांधकाम किंवा हैदराबाद-पुण्याची वाट धरावी लागते. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी ‘इकॉलॉजी अँड इक्विटी’ (१९९५) या ग्रंथात भारतीय समाजाचे तीन गट केले : भोवतालच्या निसर्गावर थेट जगणारे, लांबून संसाधने खेचून घेणारे सर्वभक्षी, आणि निसर्गाचा आधार तुटल्याने विस्थापित झालेले पर्यावरणीय निर्वासित. या मांडणीत स्थलांतरित हा पर्यावरणावरचा भार असण्याच्या आधी पर्यावरणाच्या ऱ्हासाचा बळी ठरतो.

लातूरचे २०१६ चे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वेगाने वाढलेल्या शहराला जवळचे धरण पुरले नाही, असे एक वाचन. दुसरे वाचन असे, की २०११ मध्ये शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आतच होती आणि त्याच खोऱ्यात ऊस उभा होता. राज्यातील पिकाखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के वाटा घेतो, असे कृषी खर्च व मूल्य आयोगाने म्हटले आहे.

स्थलांतर आणि पर्यावरण यांना एकत्र जोडणारे धोरण महाराष्ट्रानेच आधी आखले. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली; १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती ही कामे गावाजवळच मजुरी देत आणि माती-पाणीही राखत. माणसाला थांबवायचे तर त्याच्या शिवारात काम आणि पाणी आणावे, असे हे उत्तर होते. योजनेची अंमलबजावणी मात्र सर्वत्र सारखी झाली नाही.

मुख्य भूमिका

आजवरच्या चर्चेत चार भूमिका ठळक दिसतात.

पहिली भूमिका उघडपणे बोलण्याची. संख्या वाढली की दरडोई बचतीचा फायदा पुसला जातो. नदी, जंगल आणि शहर यांची वहनक्षमता मर्यादित असते. म्हणून हा विषय टाळणारी संस्था आपल्या कामाचा अर्धा भाग सोडून देते, असे ही बाजू मानते. पंचसूत्रीतील कुटुंबनियोजनाचे सूत्र या भूमिकेचा स्थानिक आधार आहे.

दुसरी भूमिका तटस्थतेची. संस्थेचे कौशल्य जंगल आणि पाण्यात आहे. स्थलांतरावर बोलताच सदस्य दुभंगतात, संस्थेचे नाव राजकीय पक्षांच्या भांडणात ओढले जाते आणि मूळ कामाची विश्वासार्हता जाते. सिएरा क्लबच्या १९९८ च्या मतदानात ही भूमिका जिंकली. मुंबईतील बहुतेक संस्था न बोलता हीच पाळतात.

तिसरी भूमिका उपभोगाची. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये हवामान प्रश्नावर दरडोई न्यायाची मांडणी केली. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, अमेरिकेचे सुमारे चौदा. यामुळे संस्थांनी संख्येऐवजी वापरावर बोलावे, असे ही बाजू म्हणते. राज्याच्या आतही हेच माप लावता येते : कोरडवाहू गावातले कुटुंब आणि टँकरने जलतरण तलाव भरणारी गृहसंकुले एकाच रांगेत मोजता येत नाहीत.

चौथी भूमिका हक्कांची. ती स्त्रीचे शिक्षण, विवाहाचे वय, गर्भनिरोधकांची उपलब्धता आणि स्थलांतरिताचे निवारा-आरोग्याचे हक्क यांवर भूमिका घ्यायला सांगते. आकड्यांचे उद्दिष्ट आणि सक्ती यांना विरोध करते. कैरो परिषदेनंतर ही मांडणी सर्वाधिक स्वीकारली गेली. ती अवघड निवड टाळते, असा तिच्यावर आक्षेप आहे : राखीव जंगलात वस्ती वाढत असेल तेव्हा दोन हक्कांपैकी कोणता आधी, हे तिच्यातून आपोआप ठरत नाही.

आकडे काय सांगतात

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढून ११.२४ कोटी झाली. ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी आणि पुणे ३० टक्क्यांनी वाढला. मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांनी घटला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही घटले. नांदेड सुमारे १७ टक्क्यांनी वाढून ३३.६ लाखांवर आणि लातूर १८ टक्क्यांनी वाढून २४.५ लाखांवर गेले. म्हणजे मराठवाड्यातून माणसे बाहेर जात असतानाही तिथली संख्या वाढत होती. याच जनगणनेत इतर राज्यांतून महाराष्ट्रात आलेल्यांची संख्या ९० लाखांच्या आसपास होती. राज्याच्या आत जागा बदललेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा भाग सर्वांत मोठा आहे. ‘स्थलांतर’ या एका शब्दाखाली या सगळ्यांची गणना होते.

गुणाकाराच्या सूत्रात पाहिले तर गाव सोडून शहरात गेलेल्या माणसामुळे एकूण लोकसंख्या बदलत नाही. बदलते त्याची जागा आणि त्याचा वापर. जागेमुळे बोरिवलीच्या जंगलावर ताण येतो, हे खरे. वापर वाढतो, हेही खरे. पण तो वाढणे म्हणजे बहुतेकदा वीज, नळ आणि दवाखाना मिळणे असते. शहरात गेलेल्यांचा जननदर कमी होतो, हेही सर्वेक्षणांत सातत्याने दिसते. त्यामुळे स्थलांतराचा पर्यावरणावरचा परिणाम कोणत्या हद्दीत मोजला यावर उत्तर बदलते. उद्यानाची हद्द धरली तर भार वाढलेला दिसतो. राज्याची धरली तर उत्तर संमिश्र येते. खोऱ्याची धरली तर पीकपद्धती पुढे येते.

अनिर्णित राहिलेले प्रश्न

पहिला प्रश्न हद्दीचा. एखादी संस्था कोणत्या हद्दीसाठी बोलते हे तिच्या भूमिकेत क्वचितच लिहिलेले असते. बोरिवलीसाठी काढलेला निष्कर्ष हिमायतनगरला लागू होत नाही आणि हिमायतनगरचा किनवटच्या जंगलाला लागू होईलच असे नाही.

दुसरा प्रश्न माहितीचा. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. हंगामी स्थलांतर जनगणनेत नीट उतरत नाही, कारण गणनेच्या दिवशी ऊसतोड कामगार फडात असला तरी त्याचे घर गावात असते. ऊसतोड कामगारांच्या संख्येचे अंदाज दहा-पंधरा लाखांच्या दरम्यान फिरतात. इतक्या ढोबळ माहितीवर ठाम भूमिका घेणे कोणत्याही बाजूला कठीण आहे.

तिसरा प्रश्न मागे राहिलेल्या जमिनीचा. माणसे गेल्यावर जंगल आणि माती सावरते का? कोकणातील पडीक जमिनींवर झाडोरा वाढला, तर अनेक ठिकाणी वणवे आणि बेवारस बागाही वाढल्या. मराठवाड्यात जमीन सहसा पडीक राहत नाही. ती बटईने जाते आणि शहरातून आलेला पैसा घरात, शिक्षणात किंवा विंधन विहिरीत पडतो. या विहिरींचा भूजलावरचा परिणाम स्थलांतराच्या हिशेबात धरावा का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

चौथा प्रश्न घटत्या जननदराचा. राज्याचा दर १.७ वर असताना दोन अपत्यांच्या अटीचे पर्यावरणीय समर्थन किती उरते, आणि आदर्श गावाच्या पंचसूत्रीतील ते सूत्र आता काय सांगते, याची फेरतपासणी झालेली नाही. म्हाताऱ्यांचे प्रमाण वाढलेल्या गावांत श्रमदानाला हात कुठून आणायचे, हा प्रश्न आता पुढे येत आहे.

पाचवा प्रश्न हवामानबदलाचा. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने २०५० पर्यंत दक्षिण आशियात सुमारे चार कोटी लोक देशांतर्गत हवामान-स्थलांतरित होऊ शकतात, असा अंदाज दिला. तो खरा ठरला तर पर्यावरण संस्थांना स्थलांतराबद्दल मौन पाळता येणार नाही, कारण ज्या संकटाविरुद्ध त्या काम करतात तेच माणसांना घराबाहेर काढत असेल.

सहावा प्रश्न कोण बोलते याचा. शहरी संस्थांच्या सभासदांत स्थलांतरित मजूर अपवादाने असतात आणि ऊसतोड संघटनांच्या मागण्यांत पाणलोटाचा विषय क्वचित येतो. ज्यांच्याबद्दल भूमिका घ्यायची त्यांना ती ठरवताना स्थान द्यायचे का, याबद्दल बहुतेक संस्थांच्या घटनेत तरतूद नाही.

या मतभेदांतही चारही भूमिकांना मान्य असणारा एक भाग आहे : कुटुंबाचा आकार ठरवण्याचे साधन स्त्रीच्या हाती असावे, आणि पोटासाठी गाव सोडणे ही कोणावर ओढवलेली सक्ती नसावी. या दोन गोष्टींसाठी आरोग्य केंद्र, शाळा, शिवारातले पाणी आणि गावाजवळचे काम लागते. त्यापलीकडे, जन्मांच्या संख्येवर मर्यादा असावी का आणि ये-जावर बंधन असावे का, या दोन प्रश्नांवर पर्यावरण संस्थांचे मत विभागलेले आहे आणि उपलब्ध पुरावा कोणत्याही एका बाजूला पूर्ण निकाल देत नाही.